उलाळ बंडीपासून उचललेल्या पिकअपपर्यंत

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात. हलके धान कापून झाले होते, भारी धान अजून बांध्यांत उभे होते. माझ्या भाच्याने वर्षभरापूर्वी एक जुनी पिकअप घेतली आहे. हंगामात तो लोकांचे धान खरेदी केंद्रावर आणि राईस मिलवर पोचवतो. एरवी विटा, सिमेंट, लग्नघरचे सामान, जे भाडे मिळेल ते. मी अंगणात चहा घेत असताना त्याने प्रश्न टाकला, "मामाजी, गाडी समोरून दोन इंच उचलून घेतो म्हणतो. रिकामी असली का नाक खाली अन् शेपूट वर दिसते. बजारात किट भेटते, पण चार तऱ्हेच्या आहेत. तुम्ही सायन्सवाले, सांगा कोणती घ्यायची."

मी काही बोलायच्या आत खाटेवर बसलेले बाबा म्हणाले, "गाडी रिकामी पाहून ठरवाची नसते. भरली का उलाळ होईल."

भाचा हसला. चार चाकांची गाडी उलाळ कशी होईल, असे त्याला वाटले असणार. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा बाबांच्या त्या एका शब्दात बरेच काही दडलेले आहे हे लक्षात आले. त्याचीच ही हकिगत.

ज्यांच्या घरी बंडी कधी नव्हती त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगतो. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीला चाके दोन आणि आख एक, म्हणजे ती पहिल्या प्रकारची तरफच आहे. आख हा टेकू, मागे साट्याचे शेपूट, पुढे धुरा आणि तिच्या टोकाला बैलांच्या मानेवरचे जू. ओझे आखाच्या पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते, अशी गाडी धुरजड. ओझे मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते, अशी गाडी उलाळ. चांगला गाडीवान भारा किंवा पोती भरताना अधूनमधून जू हाताने उचलून पाहतो. ते किंचित जड लागले पाहिजे, किंचितच.

विद्यार्थ्यांना इथे हिशेब करायला द्यावा. बंडीत ८०० किलो धान आहे आणि जू आखापासून ३ मीटर पुढे आहे. सगळा माल फक्त १० सेंटिमीटर मागे सरकला तर जुवावरचा भार ८०० × ०.१ ÷ ३, म्हणजे सुमारे २७ किलोंनी कमी होतो. आता चढ घ्या. मालाचा गुरुत्वमध्य आखाच्या ६० सेंटिमीटर वर आहे असे धरले, तर दहास एक अशा चढावर तो आखाच्या सुमारे ६ सेंटिमीटर मागे जातो आणि आणखी १६ किलो कमी होतात. सपाटीवर बरोबर भरलेली बंडी नाल्याची दरड चढताना उलाळ होते, ती अशी. मी सातवी-आठवीत असताना आमची भरली बंडी अशीच उलाळ झाली होती. जू वर गेले, गळ्याखालचे जोते आवळले आणि डावा बैल लटकल्यासारखा झाला. बाबांनी विळ्याने जोते कापले म्हणून तो वाचला. पण पुढचे कित्येक दिवस त्याने मान धरली नाही, आणि त्या हंगामात आमचे धान दुसऱ्याच्या बंडीने गेले. बाबांच्या तोंडी उलाळ हा शब्द येतो तो तिथून.

बंडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि चाकाने खाल्लेला प्रत्येक हिसका थेट साट्यात. माणसांसाठीच्या रेंगीत आणि दमणीत गवत, गादी घालून तो थोडा कमी करत. एन. एस. रामस्वामी हे बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक. त्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत बैलगाडीच्या सुधारणेचा विषय देशापुढे सतत मांडला. तेव्हा देशात सुमारे दीड कोटी जनावरगाड्या असल्याचा अंदाज सांगितला जाई. रबरी टायर, बेअरिंग, हलके जू अशा सुधारणा सुचवल्या गेल्या. त्यांतला टायर बऱ्याच ठिकाणी रुळला, स्प्रिंग मात्र बंडीला फारशी लागलीच नाही. मला वाटते, याचे कारण गरिबीइतकेच तरफेतही आहे. दोन चाकांच्या गाडीत स्प्रिंग दबली की साटा झुलतो आणि जुवावरचा भार पावलापावलाला बदलतो. टांग्याला पाटे असत, पण टांग्यात माणसे चार. ८०० किलो धानाची गोष्ट वेगळी.

स्प्रिंगचा शोध एका माणसाचा नाही. युरोपात पूर्वी घोडागाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांनी टांगत असत. ती पाळण्यासारखी झुलायची आणि आत बसलेल्यांना मळमळायचे. सतराव्या शतकात पोलादी स्प्रिंगा लावण्याचे प्रयोग सुरू झाले. १६६५ च्या मे महिन्यात लंडनजवळ कर्नल ब्लाउंट यांच्या जागेवर अशा गाड्यांच्या चाचण्या झाल्या. रॉयल सोसायटीची मंडळी त्यासाठी मुद्दाम गेली होती. सॅम्युअल पेपिस यांच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे, आणि त्या मंडळींत रॉबर्ट हूक होते. आपण नववी-दहावीत ज्यांचा नियम घोकतो तेच हे हूक. नियम त्यांनी १६७६ मध्ये १४ अक्षरांचे कोडे म्हणून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. जेवढा ताण, तेवढे बल. नियम पुस्तकात येण्याच्या तेरा वर्षे आधी त्याचे कर्ते गाडीच्या स्प्रिंगा पाहायला गेले होते, ही गोष्ट मला फार आवडते. वर्गात मात्र आपण तो नियम स्टँडला टांगलेल्या वजनांपुरताच ठेवतो.

१८०४ मध्ये लंडनचे गाडी बनवणारे ओबाडाया इलियट यांनी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. पाट्यांची कमान गाडीच्या पेटीला सरळ आखावर टेकवते, त्यामुळे खालची जड लाकडी तुळई गळून पडली. गाड्या हलक्या आणि बुटक्या झाल्या. आज ट्रकखाली दिसतो तो पाट्यांचा संच या कमानीचा अर्धा भाग आहे.

अनेक पाटे का? एकच जाड पाटा का नाही? हे वर्गात करून दाखवता येते. हॅक्सॉची चार जुनी पाती घ्या. एक पाते टेबलाच्या कडेला शिकंजात धरून टोकाला वजन टांगा आणि ते किती वाकते ते मोजा. मग चारही पाती एकावर एक ठेवून तेच करा. ताठपणा चौपट होतो. तीच चार पाती एकमेकांना पक्की जोडून एक जाड पाते केले असते, तर ताठपणा चाराचा घन, म्हणजे ६४ पट झाला असता, कारण वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. शिवाय सारखेच वाकवले तर जाड पात्याच्या पृष्ठभागावरचा ताण पातळ पात्याच्या चौपट असतो, त्यामुळे ते लवकर मोडते. सुट्या पाट्यांत भार वाटला जातो आणि तरी प्रत्येक पाटा पातळच राहतो. आणखी एक फायदा फुकटात मिळतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणात हिसक्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि गाडी झुलत राहत नाही. गंजून पाटे चिकटले की चाराचे चौसष्ट होण्याच्या दिशेने गाडी जाते. जुन्या गाडीत पाठ मोडते ती म्हणूनही.

आमच्या भागात पोलादी स्प्रिंग मोठ्या संख्येने आली ती रेल्वेबरोबर. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावकडे गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन ब्रॉडगेज केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून उत्तरेला जबलपूरकडे आणि दक्षिणेला चांद्याकडे अडीच फुटी नॅरोगेज फाटे निघाले. छत्तीसगडचे आणि झाडीपट्टीचे धान इथे एकत्र येऊ लागले. बंडीतून उतरलेले पोते वाघिणीत चढे, आणि ती वाघीण पाट्यांवर टेकलेली असे. नॅरोगेजची ती गाडी आता या मार्गांवर नाही, पण नागपूरच्या मोतीबाग इथल्या नॅरोगेज संग्रहालयात जुनी इंजिने आणि डबे ठेवले आहेत. सहल नेलीत तर मुलांना जरा वाकून चाकांजवळ पाहायला सांगा. वरचा रंग सगळेच पाहतात.

मोटारीने घोडागाडीचे पाटे जसेच्या तसे उचलले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच होते आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ती मुंबईत जोडली जाऊ लागली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. हजारो मेकॅनिकांचे शिक्षण या दोन गाड्यांखाली पडून झाले, आणि 'पाटा बसला', 'पाटा वाढव' ही भाषा तिथून गावोगाव गेली.

परदेशात याच काळात एक वेगळा प्रश्न विचारला जात होता. गाडी पुढून जास्त मऊ असावी की मागून? मॉरिस ओली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये गेले. त्यांनी एका लांबलचक गाडीच्या दोन्ही टोकांना हलवता येणारी वजने लावली आणि ती रस्त्यावर फिरवून आतल्या माणसांना कसे वाटते ते पाहिले. निष्कर्ष असा निघाला की पुढचे झुलणे मागच्यापेक्षा थोडे संथ हवे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, पुढचा भाग आधी झुलू लागतो. मागचा उशिरा सुरू होतो, पण जरा जलद झुलत असल्याने तो पुढच्याला गाठतो. मग गाडी नाक-शेपूट न करता सबंध वर-खाली होते, आणि ते पोटाला सोसते. पुढची चाके एकमेकांपासून सुटी करून मऊ स्प्रिंगवर बसवण्याची चाल १९३४ पासून अमेरिकी गाड्यांत पसरली. मॅकफर्सन यांनी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबात बसवला, तो फोर्डच्या गाड्यांत १९५० च्या आसपास आला. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे तोच असतो.

झुलण्याची वारंवारता काढायला स्प्रिंगचा ताठपणा वेगळा मोजावा लागत नाही. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे एवढे पुरते. २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला एक झोका, १० सेंटिमीटर असेल तर दीडपेक्षा थोडे जास्त, ४ सेंटिमीटर असेल तर अडीच. माणसाचे शरीर चालताना सेकंदाला दीड ते दोन वेळा वर-खाली होते, त्याच्या आसपासचे झुलणे आपल्याला त्रास देत नाही.

आता भाच्याच्या पिकअपकडे येऊ. आम्ही धानाचे ४० किलोंचे २५ कट्टे, म्हणजे १००० किलो, साट्यात रचले आणि आधी-नंतर चारही चाकांजवळ उंची मोजली. साट्याचा मध्य मागच्या आखापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन आखांमधले अंतर जवळजवळ ३ मीटर. तरफेच्या नियमाने ९०० किलो मागच्या आखावर आणि १०० किलो पुढच्या आखावर गेले. मागची बाजू ८ सेंटिमीटर खाली आली, पुढची १ सेंटिमीटर. रिकामी असताना मागची बाजू ५ सेंटिमीटर उंच होती, भरल्यावर २ सेंटिमीटर खाली गेली.

म्हणजे ते 'शेपूट वर' हा दोष नाही. मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे ती. मोटारीत रिकाम्या आणि भरलेल्या वजनातला फरक थोडा असतो. पिकअपच्या मागच्या पाट्यांवरचे वजन मात्र रिकाम्याच्या तिप्पट होऊ शकते. मागे रिकामे ४५० किलो धरले तर दबणे ४ सेंटिमीटर आणि झोके अडीच. भरल्यावर दबणे १२ सेंटिमीटर आणि झोके दीडपेक्षाही कमी. रिकामी पिकअप उडते आणि भरलेली डुलते, ती यामुळेच. ओली यांचा नियम इथे एका बाजूने पाळायचा तर दुसऱ्या बाजूने मोडतो. काही गाड्यांत मुख्य पाट्यांवर मदतीचा वेगळा संच असतो, तो वजन वाढल्यावरच टेकतो. तो एक तोडगा. सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५४-५५ मध्ये तेल आणि दाबलेला वायू वापरून माल कितीही असला तरी आपोआप सपाट राहणारी गाडी काढली. तो फार देखणा तोडगा, पण धानाच्या भाड्यात परवडणारा नाही.

पुढून उचलण्याची किट आली ती अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या रिवाजातून. तिकडे पुष्कळ पिकअप रिकाम्याच फिरतात आणि मालकाला मोठे टायर आणि सपाट रेघ हवी असते. भाच्याने सांगितलेल्या चार तऱ्हा एकेक करून पाहिल्या. पहिली, स्प्रिंगच्या वर किंवा खाली बसणारा धातूचा गुटका. याने स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही, गाडी फक्त वर जाते. पण चाक खड्ड्यात खाली उतरायला जी मोकळीक होती ती तेवढीच कमी होते, आणि बॉल जॉइंट कायम तिरपे राहून लवकर झिजतात. दुसरी, पिळाची दांडी असलेल्या गाड्यांत तिचा बोल्ट आवळणे. परिणाम जवळजवळ तोच. तिसरी, लांब शॅकल. पुढे पाटे असलेल्या गाडीत शॅकल मागच्या टोकाला असेल, तर ते टोक खाली जाते, आख थोडा फिरतो आणि स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन बिघडतो. चौथी, एक जादा पाटा किंवा नवी उंच स्प्रिंग. यात ताठपणाच वाढतो. चारांत प्रामाणिक म्हणायची तर मापाने बनवलेली नवी स्प्रिंग, आणि तिच्यानंतर चाकांचे कोन पुन्हा जुळवून घेणे आलेच. कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आली. आपली किट यात बसते की नाही ते आरटीओत विचारावे, दुकानदाराला नव्हे.

पण भाच्याला हे काही फारसे पटले नाही. त्याला पटले ते दिव्याने.

संध्याकाळी गाडी गोदामाच्या भिंतीपासून ९ मीटरवर उभी केली. रिकाम्या गाडीचा डिपर लावून उजेडाची वरची कड खडूने आखली. मग कट्टे भरले. कड २० सेंटिमीटर वर सरकली. हिशेब अगदी जुळतो. ३ मीटरमागे ७ सेंटिमीटर झुकाव बदलला, म्हणून ९ मीटरवर २१, आणि दिवा स्वतः १ सेंटिमीटर खाली गेला. हेच ३० मीटरवर ६९ सेंटिमीटर होते. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आणि रिकाम्या गाडीत ३० मीटरवर त्याची कड ५० सेंटिमीटर उंचीवर पडत असेल, तर भरलेल्या गाडीत ती ११९ वर जाते. समोरून येणाऱ्या मोटारवाल्याच्या डोळ्यांशी. त्यात पुढून ५ सेंटिमीटर उचलले आणि दिवे पुन्हा खाली लावले नाहीत, तर आणखी ५५ सेंटिमीटर. एकूण १७४. सायकलवर, मोटारसायकलवर, पायी, कोणीही त्यातून सुटत नाही. देवरीकडच्या रस्त्याने रात्री धान घेऊन जाणाऱ्या गाड्यांचे दिवे आपल्याला का मारतात, हे मला स्वतःलाही त्या भिंतीसमोरच उमगले. बाबांचा शब्द बरोबर होता. चार चाकांच्या गाडीत जू उचलले जात नाही, उजेड उचलला जातो. हल्लीच्या काही गाड्यांत दिवा खाली-वर करायचे चाक डॅशबोर्डवर असते. भाच्याच्या गाडीतही ते निघाले. ते कशाचे आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

मोजताना आणखी एक गोष्ट सापडली होती. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली होती. दुसऱ्या दिवशी आमगावला मेकॅनिककडे पाटे उतरवले, तेव्हा डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडकलेला दिसला. नाक खाली दिसत होते त्यातला बराच वाटा त्या पाट्याचा होता. पाटा बदलला, पाटे साफ केले, यू-बोल्ट नवे घातले आणि किटचा विषय भाच्याने तूर्त बाजूला ठेवला. उन्हाळ्यात पुन्हा काढणार आहे, मला माहीत आहे.

निघताना बाबा त्याला सांगत होते, "कट्टे समोरून लाव, केबिनला टेकवून. मागं ढिगारा करू नको." मी मनात हिशेब केला. सगळा माल १५ सेंटिमीटर पुढे घेतला तर ५० किलो मागच्या आखावरून पुढच्यावर जातात आणि दोन टोकांतला फरक जेमतेम एक सेंटिमीटर घटतो. म्हणजे ३० मीटरवर उजेड दहाएक सेंटिमीटर खाली. बाबांना तो आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग, तेवढंच."